३९१ मूळ संख्या आहे का, भागत बसायचं तर कुठपर्यंत?

जुळेसोलापूर_आई
मुलगी पाचवीला आहे, स्कॉलरशिपची तयारी चालूय. १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या तिच्या तोंडपाठ आहेत पण त्याच्या पुढची संख्या आली की अडायलीय. सराव पेपरात ३९१ आणि ३९७ यातली मूळ कोणती असं होतं, ती २ पासून एकेक आकड्यानं भागत चालली आणि थांबायचं कुठं तेच कळेना. क्लासमध्ये "वर्गमुळापर्यंत बघायचं" एवढंच सांगितलंय, पण वर्गमूळ तिला अजून शिकवलंच नाही ओ, आणि तिथंच का थांबायचं हे मलाही नीट सांगता येईना. आणि १ मूळ का नाही हेही सारखं विचारायलीय. कुणीतरी सोप्यात सांगा की.

चाटीगल्ली
ताई, विभाजक जोडीजोडीनं येतात हे आधी तिला दाखवा. आपलंच उदाहरण घ्या, सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेली ६८ लिंगं. १×६८, २×३४, ४×१७, संपलं, एकूण सहा विभाजक. जोडीतला लहान आकडा जसा वाढतो तसा मोठा खाली येतो, आणि दोघंही ९ किंवा जास्त असते तर गुणाकार ८१ किंवा त्याच्या वरच गेला असता. म्हणजे लहान आकडा ८ च्या पुढं जाऊच शकत नाही. वर्गमुळाचं नाव काढायची गरजच नाही. आमच्या दुकानात चादरींच्या थप्प्या लावतो तसं बघा, ३९१ चादरी असल्या तर २३-२३ च्या बरोब्बर १७ थप्प्या लागतात, पण ३९७ असल्या तर कशाही लावा, सारख्या थप्प्या होत नाहीत, सगळ्या एकावर एक ठेवा नाहीतर एकेक सुटी मांडा.

मंगळवेढा_मास्तर
वरचं अगदी बरोबर. आता हेच पेपरात कसं करायचं ते सांगतो. २०×२० = ४००, म्हणजे दोन्ही संख्या ४०० च्या आत, म्हणून २० च्या आतलंच बघायचं, आणि त्यातही फक्त मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. ६ नं भागून बघायचं कारण नाही कारण ६ नं भाग गेला असता तर २ नं आधीच गेला असता, मुलांचा इथंच फार वेळ जातो. ३९७ विषम आहे, शेवटी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज १९ म्हणून ३ पण गेला. ७ नं बाकी ५, ११ नं १, १३ नं ७, १७ नं ६, १९ नं १७. आठही फेल, म्हणजे मूळ. ३९१ ला मात्र १७ लागू पडतो. १७ ची एक कसोटी पण आहे, शेवटचा अंक पाचपट करून उरलेल्या संख्येतून वजा करायचा: ३९ − ५ = ३४, आणि ३४ हा १७ चा पट. चालते कारण ५१ हा १७ चा पट आहे.
१ चं म्हणाल तर मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. आणि १ ला मूळ धरलं तर १५ चे मूळ अवयव ३×५ लिहायचे, का १×३×५, का १×१×३×५? मग एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा एवढा चांगला नियमच मोडतो.

होटगीरोड_कोडर
मूळ अवयव पाडले की विभाजक किती ते न मोजता पण निघतं, मला हे लै आवडतं. ३६० = २×२×२×३×३×५. २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा, प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा, ४×३×२ = २४ विभाजक. आणि मोठ्या संख्यांना मात्र हे एकेकानं भागणं कॉम्प्युटरला सुद्धा झेपत नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक पद्धत दिली, त्यात संख्येचे अवयव न शोधताच ती मूळ आहे की नाही हे पक्कं सांगता येतं, आणि संख्या कितीही अंकी झाली तरी काम आवाक्यात राहतं. अवयव काढायची अशी झटपट रीत साध्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणाला सापडलेली नाही, आणि RSA सारखं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, त्याच्याच भरवशावर चालतं.

जुळेसोलापूर_आई
सगळ्यांचे खूप आभार. ३२३ तिनं आत्ता स्वतः काढलं, १७×१९. आता विचारायलीय की ३ साठी अंकांची बेरीज का चालते?

मंगळवेढा_मास्तर
शाब्बास म्हणा तिला. १० म्हणजे ९+१, १०० म्हणजे ९९+१. ३९१ मध्ये ३ शतक म्हणजे ३×९९ आणि वर ३, ९ दशक म्हणजे ९×९ आणि वर ९, आणि १ एकक. ९ आणि ९९ ला ३ नं भाग जातोच, म्हणून ते सोडून द्यायचे, उरतं ३+९+१ = १३, त्याला ३ नं भाग जात नाही म्हणून ३९१ ला पण नाही. ९ ची कसोटी पण ह्याच कारणानं चालते, आपला पिनकोड ४१३००१ घ्या, बेरीज ९, म्हणजे ९ नं भाग जाणारच, तिला करून बघू द्या.