मदत हवी आहे : क्लच प्लेट खरोखरच झिजली आहे, हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी कसे ओळखावे?

नमस्कार.

माझी गाडी पेट्रोलची, आठ वर्षांची असून ७२,००० किलोमीटर चालली आहे. क्लच केबलचा आहे (पेडलची ओढ केबलमार्फत क्लचपर्यंत पोहोचते) आणि आजवर एकदाही उघडलेला नाही. गेल्या तीन आठवड्यांपासून असे होते आहे की पाचव्या गिअरमध्ये चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा अडीच हजारांवरून एकदम साडेतीन हजारांवर जातो, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहतो. पाय थोडा सैल केला की काटा पुन्हा जागेवर येतो. सपाट रस्त्यावर किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये यातले काहीही जाणवत नाही. पूर्वी पेडल साधारण मध्यावर आले की क्लच पकडत असे, आता ते जवळजवळ पूर्ण वर आल्यावर पकडतो. परवा गाडीत चार माणसे आणि सामान असताना चढावरच्या गर्दीत बराच वेळ अडकलो, तेव्हा जळका वास आला आणि तो घरी पोहोचेपर्यंत गेला नाही.

एका गॅरेजमध्ये गाडी चालवून न पाहताच क्लचचा पूर्ण सेट आणि शिवाय फ्लायव्हीलही (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) बदलावे लागेल असे सांगितले. दुसऱ्या कारागिराचे म्हणणे असे की केबल जुळवून घ्या, बाकी काही करू नका. मला दोघांपैकी कोणाच्याही हेतूबद्दल शंका घ्यायची नाही, परंतु गिअरबॉक्स खाली उतरवणे हे मोठे काम आहे आणि ते विनाकारण होऊ नये असे वाटते. दोष प्लेटचा आहे की केबलचा, हे बाहेरून कसे ठरवावे? फ्लायव्हील बदलण्याची गरज आधीच सांगता येते का? आणि तोपर्यंत गाडी वापरणे कितपत योग्य आहे? पुढच्या महिन्यात आई-वडिलांना घेऊन लांबचा प्रवास करायचा आहे, म्हणून काळजी अधिक आहे.

प्रतिसाद :

आपण वर्णन केलेले लक्षण क्लच घसरण्याचेच आहे, म्हणजे प्लेटची पकड सुटून इंजिनाचा पूर्ण जोर गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही. ते वरच्या गिअरमध्ये आधी दिसते, कारण खालच्या गिअरमध्ये गाडी स्वतःच चटकन वेग घेते आणि काटा चढला तरी त्यात काही वेगळे वाटत नाही; पाचव्या गिअरमध्ये चढावर मात्र इंजिन पूर्ण जोर लावते, गाडी त्या मानाने सावकाश वेग घेते, आणि प्लेटची पकड कमी पडली की ते लगेच उघडे पडते.

परंतु घसरणे म्हणजे झिजणेच, असे मात्र नाही. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबल्यावर ही स्प्रिंग दाबून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगच्या) दिशेने सरकतात आणि केबलच्या क्लचमध्ये पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. वेळोवेळी केबल जुळवली नाही तर ही चाल शून्यावर येते, बेअरिंग स्प्रिंगला सतत थोडे दाबून ठेवते, आणि प्लेटवर अजून पुरेसे अस्तर (पकड देणारा, घासून झिजणारा थर) शिल्लक असले तरी क्लच घसरू लागतो. म्हणून दुसऱ्या कारागिराने सांगितलेली पहिली पायरी बरोबर आहे, फक्त तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. इंजिन बंद ठेवून पेडल हाताच्या बोटांनी दाबून पाहा. सुरुवातीची थोडी चाल अगदी हलकी लागली पाहिजे. नेमकी किती, ते गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. (केबल आपोआप जुळणारी असेल किंवा क्लच हायड्रॉलिक असेल तर ही तपासणी फारशी उपयोगाची नाही, कारण तिथे झीज आपोआप भरून निघते आणि पेडल कुठे पकडते यावरून अंदाज बांधता येत नाही.)

चाल पुस्तिकेप्रमाणे करून घ्या आणि नंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर शेवटच्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वेगाबरोबर हळूहळू चढला तर दोष केबलचा होता. काटा पुढे पळाला आणि गाडी मागे राहिली, तर प्लेट गेली असे समजा. हँडब्रेक लावून, ब्रेकवर पाय ठेवून, चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडते का हे पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण आपल्या गाडीसारखा अर्धवट घसरणारा क्लच त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. शिवाय ती वारंवार केली तर उरलेली प्लेटही जळते.

दुसरा प्रतिसाद :

वरील मताशी सहमत आहे. तेलाची शक्यता मात्र राहून गेली आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूचे क्रँकशाफ्टचे सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळत असेल, तर तेल प्लेटवर जाते आणि अस्तर जाड असूनही ती घसरते. तेल लागलेली प्लेट पुसून पुन्हा वापरता येत नाही, आणि सील न बदलता नवी प्लेट बसवली तर तिचीही तीच गत होते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे खालून ओल दिसते का, ते अवश्य पाहा.

फ्लायव्हीलबद्दल उघडण्याआधी कोणीही निश्चित सांगू शकत नाही. त्यावर खोल चरे किंवा तडे असतील तर ते बदलावे लागते. उष्णतेचे निळसर डाग किंवा हलके ओरखडे असतील, तर साध्या एकसंध फ्लायव्हीलचा पृष्ठभाग उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत घासून घेता येतो. दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर गोष्ट वेगळी. त्याची दोन भागांतली ढिलाई मोजून निर्णय घ्यावा लागतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मात्र एकत्रच बदलावे. एवढे काम उघडल्यावर जुने बेअरिंग तसेच ठेवणे आणि काही महिन्यांनी त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे, यात कोणाचेच हित नाही.

तोपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर भार कमी ठेवा, चढावर खालचा गिअर वापरा आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. लांबचा प्रवास मात्र या अवस्थेत करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. अस्तर संपून ते प्लेटला धरून ठेवणारे रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागले की एका दुरुस्तीच्या दोन होतात, आणि चढावर गाडी थांबली की ती पुढे न्यायला काही उपाय उरत नाही.

धागाकर्ता, बारा दिवसांनंतर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेडलची मोकळी चाल खरोखरच शून्य होती. केबल जुळवल्यावर क्लच पुन्हा मध्यावर पकडू लागला आणि दोन दिवस मला वाटले की प्रश्न सुटला. मात्र शेवटच्या गिअरमधील परीक्षेत काटा पूर्वीपेक्षा कमी, पण तरीही पुढे पळाला. मग गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय घेतला आणि जुने भाग मला दाखवावेत, अशी विनंती आधीच करून ठेवली.

प्लेटच्या फ्लायव्हीलकडील बाजूचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांच्या जवळजवळ बरोबरीला आले होते. अनेक पुस्तिकांमध्ये रिव्हेटवर किमान ०.३ मिलिमीटर अस्तर उरलेले असावे असे म्हटलेले असते, इथे तेवढेही नव्हते. तेलाचा मागमूस नव्हता, तरी समोर आलेच आहे म्हणून क्रँकशाफ्टचे सील बदलून घेतले. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, चरे नव्हते. ते घासून पुन्हा बसवले. पेडल किती जड झाले होते हे नवा सेट बसल्यावरच लक्षात आले, कारण वाढ इतकी सावकाश झाली की पायाला तिची सवय होत गेली. कारागिराने प्लेट पाहून विचारले की गाडी चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवता का. मी ठेवत होतो, आणि ही सवय आता जाणीवपूर्वक मोडतो आहे.

पहिले काही शंभर किलोमीटर भार न टाकता चालवायला सांगितले आहे, त्यानंतर मोकळी चाल पुन्हा मोजून घेणार आहे. आई-वडिलांसोबतचा प्रवास त्यासाठी एक आठवडा पुढे ढकलला आहे.