डेल्टा इंटेग्राले १६ व्हॉल्व्ह: काच काढली आणि खांबाला चीर सापडली. आधी पत्रा की आधी इंजिन?

चारहीचाकं

नमस्कार मंडळी. चांगली बातमी घेऊनच इथे लिहायचं असं ठरवलं होतं, म्हणून सात महिने गप्प होतो. आता सल्ला हवाय.

१९९० सालची लान्चा डेल्टा इंटेग्राले, ही इटालियन गाडी, घेतली. १६ व्हॉल्व्हवाली, लाल, सनरूफची. मी शाळेत असताना मामाच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता: मार्टिनी या प्रायोजकाच्या पट्ट्यांची रॅलीतली डेल्टा, चारही चाकं जमिनीपासून सुटलेली, मागे धुळीचा लोट. मामा स्वतः गाडी चालवायला कधी शिकला नाही. पण १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं लान्चाने उत्पादकांचं जागतिक रॅली अजिंक्यपद कसं राखलं, हे तो बोटांवर मोजत सांगायचा. कांक्कुनेन आणि बियासिओन ही लान्चाच्या रॅली चालकांची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. म्हणून ही गाडी. दुसरी कुठलीच बघितली नाही.

चारशेक किलोमीटर चालवली. एका हाकेत सुरू होते, तीन हजारच्या आसपास टर्बो अंगात येतो आणि मग पाठ सीटला टेकते. गार असताना दुसरा गिअर जरा अडतो, तेवढं सोडलं तर तक्रार नव्हती. मग एका पावसानंतर डाव्या पायाखालचा गालिचा ओला लागला. (गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे, म्हणजे माझ्याच पायाखाली.) पाणी कुठून येतंय ते सापडेना, म्हणून शेवटी पुढची काच काढली.

खालच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्याहून वाईट वर होतं. पुढचा खांब छताला जिथे मिळतो तिथे रंगाखाली बोटभर लांबीची चीर. खरवडलं तर पुटी निघाली, म्हणजे आधीच्या कुणीतरी ती झाकून ठेवली होती. मी ज्यांना दाखवली ते म्हणाले, पुन्हा पुटी भरू, रंग मारू, काही होत नाही.

इंजिनाचं म्हणाल तर कागदांप्रमाणे टायमिंग बेल्ट सहा वर्षांपूर्वी बदललाय आणि त्यानंतर गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चालली. यंदा माझ्याकडे एकाच मोठ्या कामापुरते पैसे आहेत. इंजिन उघडू की पत्र्याला हात घालू? खांबाला चीर म्हणजे गाडी गेली का? आणि सगळे सांगतात तसं सनरूफ कायमचं बंद करून टाकू का?

जुनापाना

इंजिन नको उघडू, पण बेल्ट बदलल्याशिवाय चावीही फिरवू नकोस. आजपासूनच.

चार हजार किलोमीटर हा आकडा विसर. रबर किलोमीटरने जेवढं मरतं तेवढंच वर्षांनीही मरतं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि ते सोळा आहेत. आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात. यात इंजिनाची थरथर कमी करणारे दोन बॅलन्स शाफ्ट आहेत आणि त्यांचा वेगळा बेल्ट आहे. तो छोटा बेल्ट फाटला तर त्याचे तुकडे मोठ्या बेल्टमध्ये अडकू शकतात. म्हणून दोन्ही बेल्ट, त्यांना ताणून धरणारे टेन्शनर, आणि हात पोचतोच आहे तर वॉटर पंपही. आडवं बसवलेलं इंजिन आहे, बेल्टच्या बाजूला मनगट वळवायलाही जागा नाही. एकदाच घुसायचं आणि सगळं उरकून यायचं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड टॉर्च लावून बघ. बिडाचा आहे, तापून-निवून त्यालाही चिरा पडतात. गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि तापल्यावर जातो, असं असेल तर तोच. पण तो थांबू शकतो, बेल्ट थांबू शकत नाही.

गावाबाहेरचागिअर

माझी गोष्ट सांगतो. सल्ला त्यातून तुम्हीच काढा.

माझ्याकडे फियाट उनो टर्बो होती, पहिल्या पिढीची, १९८५ साली जी आली ती. १.३ लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आतबाहेर. ज्यांनी चालवली नाही त्यांना हे आकडे किरकोळ वाटतील, पण त्या गाडीत टर्बो आला की स्टिअरिंग हातातून सुटू पाहायचं. मी जेवढं होतं तेवढं सगळं इंजिनावर घातलं. हेड उतरवलं, टर्बो नवा केला, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब वाढवला, हेड गॅस्केट गेलं, परत हेड उतरवलं. अडीच वर्षं हेच चाललं. पत्र्याकडे बघायचं पुढच्या वर्षी, असं दर वर्षी म्हणत होतो.

एक दिवस चाक बदलायला जॅक लावला. गाडी वर गेली नाही, जॅक वर गेला. दाराखालच्या पट्टीतून सरळ आत.

शेवटी माझ्याकडे एक उत्तम इंजिन उरलं आणि ते ठेवायला गाडी नव्हती. ते दुसऱ्या एका उनोवाल्याने नेलं. त्याच्या गाडीत ते अजून चालतं, कधीतरी तो आवाज पाठवतो. मी तो पूर्ण ऐकत नाही.

पत्रेवाली

चारहीचाकं, तुमचं वाचून मी आधी माझी जुनी वही काढली. माझी पण १६ व्हॉल्व्हच, १९८९ची. नऊ वर्षं माझ्याकडे आहे, त्यातली सव्वादोन वर्षं ती घोडीवर उभी होती. चीर अगदी त्याच जागी होती, फक्त दोन्ही बाजूंना.

गाडी गेलेली नाही. पण ती चीर तिथेच का पडते हे नीट समजून घ्या, म्हणजे पुटी भरू म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आपोआप कळेल.

गाडीचं हे कवच, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, इटालियन डिझायनर ज्युजारोने काढलं आणि १९७९ साली डेल्टा बाजारात आली, तेव्हा त्यात १.३ आणि १.५ लिटरची इंजिनं होती. ७५ आणि ८५ अश्वशक्ती, तीही फक्त पुढच्या चाकांना. घरच्यांना घेऊन फिरायची नीटस गाडी होती ती, १९८०ची युरोपातली 'कार ऑफ द इयर'ही ठरली. मग १९८६नंतर रॅलीतला ग्रुप बी बंद झाला, ग्रुप ए मुख्य वर्ग झाला, आणि त्याचा नियम असा की तशा पाच हजार गाड्या बनवल्या पाहिजेत. लान्चाने हीच डेल्टा घेतली. दोन लिटर टर्बो आणि चारही चाकांना ताकद: आधी १६५ अश्वशक्ती, मग इंटेग्राले ८ व्हॉल्व्हला १८५, आणि १९८९ला आपल्या १६ व्हॉल्व्हला २००. चाकांवरच्या कमानी फुगल्या, बॉनेटला उंचवटा आला, पण छत आणि खांब मुळात त्याच १९७९च्या घराचे.

त्यात १६ व्हॉल्व्हमध्ये ताकदीची वाटणी बदलली. ८ व्हॉल्व्हमध्ये पुढे ५६ टक्के आणि मागे ४४ जायची, आपल्यात पुढे ४७ आणि मागे ५३. वळणात मागून ढकलल्याचा जो आनंद आहे तो यामुळेच. पण दर वेळी पुढून ओढ आणि मागून रेटा बसला की कवच थोडं पिळलं जातं, आणि ती पीळ जिथे खांब संपून छत सुरू होतं त्या कोपऱ्यात येऊन थांबते. सनरूफ असेल तर छताचा मधला पत्राच कापलेला असतो, म्हणजे कोपऱ्यावर भार आणखी. पत्रा थकतो आणि फाटतो.

आता सांगा, पुटी तो भार घेणार का? पुटी फक्त दिसायचं बंद करते. चीर आत पुढे सरकत राहते, आणि पुटीमागे ओल धरून राहते ती वेगळीच. माझ्या गाडीला आधी कुणीतरी तीनदा पुटी भरली होती. तिन्ही थर वेगवेगळ्या रंगाचे होते, कापलेल्या खोडासारखे.

मी केलं ते असं. आतलं सगळं बाहेर काढलं. दारं जागेवर असताना चारही बाजूंच्या फटी मोजून वहीत लिहिल्या. मग दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून चौकट घट्ट धरली, कारण कापाकापी सुरू झाली की कवच हलतं आणि नंतर दार बसत नाही. हे न करता खांबाला हात लावणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

चीर दिसते त्याच्या पुढेही असते. रंग पूर्ण उतरवून तिचं खरं टोक शोधा आणि त्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती तिथे थांबते. मग चीर घासून तिची खाच करायची आणि छोटे-छोटे टाके वेल्ड करत जायचं. एक टाका, मग पत्र्यावर हात ठेवता येईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई केली की छताचा पत्रा उष्णतेने ओढला जातो आणि उन्हात लाटा दिसतात. त्या एवढ्याशा लांबीला मला प्रत्येक बाजूला एक अख्खी दुपार लागली.

काचेखालचा कोपरा हे वेगळं दुखणं आहे. तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत आणि गंज मधून सुरू होतो. माझा आतला थर वहीत ठेवलेल्या पिंपळाच्या जाळीदार पानासारखा झाला होता, पलीकडचं दिसायचं. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जा, मग पुठ्ठ्याचा साचा काढून त्या मापाचा तुकडा घडवा. दोन थर मिळतात तिथे वेल्ड करण्याआधी झिंकचा प्रायमर, वर सांध्यांना सीलर, आणि रंग झाल्यावर पोकळीत मेण. हे मेण विसरलात तर काही वर्षांनी परत इथेच भेटू.

सनरूफ बंद करू नका. बहुतेक वेळा पाणी सनरूफमधून येत नाही, त्याच्या नळ्यांतून येतं. कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली कुठे पडतंय ते बघा. जेवढं ओतलं तेवढं पडलं नाही, तर नळी तुंबलीय किंवा निसटलीय.

जुनापाना यांचं बेल्टबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. ते आत्ता करा, बाकी इंजिन राहू द्या. आणि रस्त्यावर कुणी इव्होची, म्हणजे नंतरच्या इंटेग्रालेची, पाच बोल्टची चाकं बसवायला सांगेल, तर आपला हब (चाक जिथे बसतं तो भाग) चार बोल्टचा आहे. १५ इंची चाकं आणि २०५/५० टायर या गाडीला शोभतात, तेच ठेवा.

चारहीचाकं

ताई, तुमचं लिहिलेलं छापून गॅरेजच्या भिंतीला लावलंय. गिअर दादा, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चारही जॅकच्या जागा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितल्या. आवाज भरीव येतोय.

बेल्ट दोन्ही बदलले. जुना मोठा बेल्ट उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. तो हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो.

नळ्यांचं पण तसंच निघालं. पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी ओतलं, खाली थेंबही नाही. नळी वरच्या टोकाला निसटलेली, सगळं पाणी खांबाच्या आत उतरत होतं. म्हणजे खालचा कोपरा वरच्या त्या निसटलेल्या टोकाने खाल्ला.

एक विचारायचंय. खालचा कोपरा कापायला स्पॉट वेल्ड (थर जोडणारे वेल्डचे ठिपके) ड्रिलने काढू की ग्राइंडर लावू? आणि चेसिस क्रमांकावरून गाडीचा मूळ रंग कळतो का? गालिच्याखाली लालच आहे, पण डिकीत एका पट्टीमागे दुसरा रंग असल्यासारखं वाटतंय.

पत्रेवाली

ड्रिलच. ग्राइंडरने खालचा चांगला थर पण जातो. स्पॉट वेल्ड दिसत नसतील तर रंग उतरवून वरून हलकी सपाट कानस फिरवा, गोल खळगे उमटतात. प्रत्येकाला मध्ये पंच मारा, स्पॉट वेल्डचा बिट लावा आणि वरचा थर सुटला की लगेच थांबा. ते हाताला कळतं, ड्रिलचा आवाज बदलतो.

रंगासाठी लान्चाच्या हेरिटेज विभागाकडून मूळ प्रमाणपत्र मागवा. तयार झाल्याची तारीख आणि कारखान्यातला रंग दोन्ही त्यात असतं. रंगाच्या कामाआधी मागवा, नंतर नको.

जुनापाना

बेल्ट झाला हे वाचून बरं वाटलं. नवे बेल्ट बसवल्याची तारीख कव्हरच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेव.

चारहीचाकं

लिहिली. प्रमाणपत्राचा अर्जही गेला.

काल मामाला गॅरेजवर आणलं. त्याला आता नीट दिसत नाही, पण दिवा मीच धरणार म्हणाला. स्टुलावर बसून त्याने तीन तास दिवा हलू दिला नाही. डाव्या कोपऱ्यातले स्पॉट वेल्ड काढत गेलो तसा तो मोठ्याने मोजत होता. सव्वीस. वरचा थर उचलून हातात दिला तेव्हा त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "एवढाच पातळ?"

पाइप आणलेत. उद्या डावं दार बसवून फटी मोजतो, आकडे इथेच टाकेन. ताई, तुमच्या वहीतले आकडे पण द्या, शेजारी शेजारी ठेवून बघू.