घोडबंदर रोडच्या जवळपास भक्तिभावाने मिस्सा होणारं चर्च सुचवा

नंदाखालची लेक

नमस्कार मंडळी. माहेर वसईतलं नंदाखाल, लग्नानंतर मानपाड्याला राहते. नवरा मंगळूरकडचा, त्यामुळे घरात मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं चालतं. मुलीचं पुढच्या वर्षी पहिलं कम्युनियन आहे (ख्रिस्तशरीर मानलेली पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेईल), म्हणून आता विचारतेच.

आम्ही सध्या जातो त्या चर्चचं नाव लिहीत नाही. फादर माणूस म्हणून फार चांगले, आजाऱ्याकडे रात्री-अपरात्रीही धावत जातात. पण मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, प्रार्थना ते स्वतःच्याच शब्दांत म्हणतात, मधले काही भाग गाळतात. शुभवर्तमान वाचून झालं की प्रवचन ताणतणाव कसा हाताळावा यावर, वाचलेल्या उताऱ्याचा पुन्हा उल्लेखही नाही. कम्युनियन घेऊन लोक बाकावर टेकतात न टेकतात तोच वाढदिवसांच्या घोषणा आणि टाळ्या.

गेल्या रविवारी माझ्या पुढचे गृहस्थ एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या तळहातावर ख्रिस्तशरीर घेऊन तसेच चालत गेले. तोंडात घातलं ते बाकापाशी पोहोचल्यावर. मुलगी बघत होती. म्हणाली, "आई, ते येशू आहेत ना?" मी हो म्हटलं. पण नुसतं हो म्हणून भागत नाही, तिला ते आजूबाजूच्या मोठ्यांच्या वागण्यात दिसायलाही हवं. आमच्याकडे घंटा वाजली की आजी गुडघे दुखत असले तरी लुगडं सावरून खाली टेकायची आणि अख्खं चर्च गप्प व्हायचं.

लॅटिन मिस्साचा हट्ट नाही. मराठी मिस्सा मिळाली तर सोन्याहून पिवळं, इंग्रजीही चालेल. ऐरोली-वाशीपर्यंत यायची तयारी आहे. आपल्या धर्मग्रामाबाहेर (आपल्या भागाच्या चर्चबाहेर) गेलं तर रविवार धरला जातो ना, म्हणजे रविवारच्या मिस्साचं बंधन पूर्ण होतं ना? आणि एका ठिकाणी मिस्सात आरती झाली, ते चालतं का?

चरईकर

ताई, धरला जातो. चर्चच्या कायद्यातलं कलम १२४८ सांगतं की कॅथलिक रीतीने जिथे मिस्सा होते तिथे हजर राहिलात की झालं, आणि आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते. फक्त बाप्तिस्मा, लग्नाचे कागद, मुलीची नोंद यासाठी स्वतःच्या धर्मग्रामाशी गाठ पडतेच. तिथलं नाव तोडू नका.

माझं एकच सांगणं आहे, चर्च रविवारी पारखू नका. रविवारी गायकवृंद, गर्दी, घोषणा, पार्किंग, सगळंच असतं. कामाच्या दिवशी सकाळच्या मिस्साला जाऊन मागे बसा. तिथे फादर, पुस्तक आणि मोजकी माणसं, दाखवायला कोणी नाही. मिस्सा सुरू होण्याआधी फादर काही वेळ गप्प बसून प्रार्थना करतात का? टॅबरनॅकलसमोरून (ख्रिस्तशरीर ठेवतात त्या पेटीसमोरून) जाताना गुडघा टेकतात का? कम्युनियननंतर कटोरा सावकाश, नीट पुसतात का? हे दिसलं की रविवारचा आवाजही सोसता येतो. दुसरी खूण कन्फेशनची, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली देण्याची. वेळ फलकावर लिहिलेली असेल आणि त्या वेळेला फादर खरोखर आत बसलेले असतील, लोक रांगेत असतील, तर ते चर्च जिवंत आहे. "हवं असेल तर ऑफिसात फोन करा" असं असेल तिथे दहा जणांतले नऊ जण फोन करतच नाहीत.

तुम्हाला पोखरणचं अवर लेडी ऑफ मर्सी जवळ आहे, आणि तलावपाळीजवळचं आमचं सेंट जॉन द बाप्टिस्ट. आधी या दोन्हींकडे जाऊन या, मिस्साची भाषा आणि वेळ तिथल्या फलकावर बघून घ्या. मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. १३२१ साली याच ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती ख्रिस्तासाठी मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला. आपल्या पोरांना गोव्याचं, वसईचं माहीत असतं, ठाण्याचं कोणी सांगत नाही.

हरेगावची, आता नेरुळ

मी मतमाउलीच्या हरेगावची, सासर केरळचं. नवऱ्यासोबत सिरो-मलबार या केरळी कॅथलिक परंपरेच्या कुर्बानाला, म्हणजे त्यांच्या मिस्साला, जाते. १९८८ मध्ये त्यांचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि नवी मुंबईत त्यांची चर्चेस आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या सिनडने (बिशपांच्या सभेने) ठरवलेल्या पद्धतीत मुख्य अर्पणाच्या वेळी अच्चन (फादर) आल्ताराकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड करून उभे राहतात, आपल्याबरोबर एकाच दिशेने. मल्याळम मला अजून अर्धवटच कळतं, पण मन इकडे-तिकडे जात नाही. हेही पोपच्याच अधीन असलेलं कॅथलिक चर्च, त्यामुळे रविवार धरला जातो, कम्युनियनही घेता येतं. मुलीची तयारी मात्र तुमच्याच धर्मग्रामात होऊ द्या. अधूनमधून या, तिलाही आवडेल.

वाचक, वाशी

आरतीबद्दल मन शांत ठेवा. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर केले, त्यांत हात जोडून नमस्कार आणि आरती दोन्ही आहेत. नीट, संथपणे केलेली आरती मला तरी फार भावते.

मिस्साचे शब्द बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात कलम २२ मध्ये स्पष्ट आहे की कोणीही, धर्मगुरूनेसुद्धा, स्वतःच्या मर्जीने काही घालू, गाळू किंवा बदलू नये. आणि मोबाइलवाल्या गृहस्थांचं म्हणाल तर २००४ च्या रोमच्या सूचनेत कलम ९२ वाचा. ख्रिस्तशरीर देणाऱ्यासमोरच ग्रहण करायचं, हातात घेऊन कोणी पुढे जायचं नाही. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला कायम आहे, हेही तिथेच आहे. पुढच्या कलमात कण खाली पडू नये म्हणून ताटली धरण्याचंही सांगितलंय.

चरईकर काकांची पारख मला पटते, पण चर्च बदलायच्या आधी फादरांना एकदा भेटा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, मिस्सा संपल्या संपल्या दारातही नको, वेळ घेऊन ऑफिसात. रात्री आजाऱ्याकडे धावणारा माणूस मुलीचा प्रश्न ऐकून घेईल. मागायचं तेही छोटं मागा: कम्युनियनआधी एक वाक्य सांगावं, फादरांच्या बाजूला एक स्वयंसेवक उभा करावा, घोषणा शेवटच्या प्रार्थनेनंतर घ्याव्यात. आणि फादरांच्या बदल्या होतच असतात, केवळ एका फादरांवरून चर्च सोडलंत किंवा धरलंत तर काही वर्षांनी पुन्हा इथेच हा प्रश्न विचाराल.

नंदाखालची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ठाण्याच्या हुतात्म्यांचं खरंच माहीत नव्हतं, आज रात्रीच मुलीला सांगते. बुधवारी मी घरून काम करते, तेव्हा सकाळची मिस्सा जमेल, पोखरणपासून सुरुवात करते. फादरांची वेळ मागितली आहे, ते कलम ९२ छापून नेऊ की नुसतं तोंडी सांगू? कागद दाखवला तर त्यांना चुका काढायला आल्यासारखं वाटेल का? वाशीचे दादा, तुम्ही काय केलं असतं?

हरेगावच्या ताई, तुमच्याकडे कुर्बाना रविवारी किती वाजता असते?