चाकणची नोकरी सोडून खराडीची ऑफर स्वीकारावी का?

प्रश्न

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अभियंता आहे. येत्या सप्टेंबरअखेर तिथे पाच वर्षे पूर्ण होतील. खराडीतील एका डिझाइन कंपनीने वार्षिक १२ लाखांचे ऑफर लेटर दिले आहे. सध्याचे पॅकेज ९ लाखांचे आहे. मी कोथरूडला राहतो. परतीची बस मोशी-भोसरीच्या कोंडीत अडकते आणि बहुतेक रात्री मुलगी झोपल्यावरच मी घरी पोहोचतो. मात्र शॉप फ्लोअरवरचे काम मला मनापासून आवडते. होकार किंवा नकार आठवडाभरात कळवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आधी पत्रासोबतचा पगाराचा तक्ता मागवा. समजा, बेसिक दरमहा ४०,००० रुपये आहे. मग कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा वर्षाला ५७,६०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) ४.८१ टक्के तरतूद सुमारे २३,००० रुपये होते, आणि त्यात १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा बदलता भाग) धरले तर १२ लाखांपैकी जवळजवळ २ लाख दरमहाच्या पगारात दिसतच नाहीत. सध्याच्या ९ लाखांचीही अशीच फोड करा आणि मगच हातात येणाऱ्या दोन रकमा शेजारी मांडा. व्हेरिएबल कशावर ठरते, हे लेखी घ्या.

उत्तर २

तुम्ही कायम कर्मचारी असाल, तर सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. बेसिक व महागाई भत्ता मिळून ३२,००० रुपये असतील, तर ३२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ९२,३०० रुपये होतात. थोडक्या दिवसांसाठी एवढी रक्कम सोडू नये. नोटीस पिरियडमध्ये प्रत्यक्ष काम केलेले दिवसही सेवेत धरले जातात, त्यामुळे शेवटचा दिवस सप्टेंबरच्या पुढे जाईल अशी रुजू होण्याची तारीख मागून पाहा. पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून) नव्या खात्यात वर्ग करून घ्या.

उत्तर ३

वनाज ते रामवाडी मेट्रो आणि पुढे खराडीपर्यंत बस किंवा रिक्षा, हा प्रवास कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी एकदा करून पाहा. तो जमण्यासारखा आहे असे मला वाटते, आणि लहान मुलीच्या वडिलांसाठी घरी मिळणारी संध्याकाळ फार मोलाची आहे. माझी काळजी वेगळी आहे. दिवसभर संगणकावर ड्रॉइंग तपासण्याचे काम तुम्हाला रुचेल का? काही वर्षांनी पुन्हा कारखान्यात परतायचे म्हटले, तर मधल्या काळात प्रत्यक्ष उत्पादनाशी संबंध तुटलेला असतो आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्या विभागप्रमुखांना होकार देण्यापूर्वी भेटा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा आभारी आहे. पगाराची फोड आली असून व्हेरिएबल १५ टक्के आहे. ऑक्टोबरमध्ये रुजू होण्यास कंपनीने तोंडी संमती दिली आहे. ती ई-मेलवर मागितली आहे. विभागप्रमुखांची भेट शुक्रवारी ठरली आहे. पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन तपासणी करण्याचे काम त्या पदात असेल, तरच मी होकार देईन.