एक्सेलची यादी एसक्यूलाइटमध्ये घेतली, पण शोध लागत नाही. तपासणी कुठून सुरू करू?

वाचनवेडी_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पायथन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. आमच्या गावचं वाचनालय 'क' वर्गातलं आहे. तिथली पुस्तकांची यादी शोधता येईल असं काहीतरी करायला घेतलंय. यादी एक्सेलमध्ये आहे, साधारण साडेचार हजार ओळी. रकाने असे: पुस्तक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, विषय, दाखल क्रमांक. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केली, ती पायथनने वाचून एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमधला छोटा डेटाबेस) भरायची आणि मग शोधायचं, एवढंच काम. अडलेल्या गोष्टी:

१. फाइल उघडली की 'चारमॅप कोडेक'ची एरर येते. ८१ हा बाइट वाचता येत नाही, जागा ८, असं म्हणते. एकाने 'एरर्स इग्नोर' घालायला सांगितलं. एरर गेली, पण मराठीऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात.
२. एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ दिलं की 'पुस्तक' नावाचा रकानाच नाही म्हणून कीएरर. छापून बघितलं तर रकाना दिसतो!
३. 'दिवाळी अंक' शोधलं तर म्हणते, प्रश्नात जागा एक आणि तुम्ही मूल्यं दिलीत दहा.
४. आयडल या पायथनसोबतच्या एडिटरमधून चालणारा तोच प्रोग्रॅम व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमधून चालवला की 'नो सच टेबल', म्हणजे असं टेबलच नाही.
५. प्रकाशनस्थळ 'कऱ्हाड' शोधलं तर काही पुस्तकं येतात, काही येत नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं.

कोणत्या क्रमाने तपासायचं, कोणतं साधन वापरायचं आणि काय वाचायचं, हे कोणी सांगेल का?

बाइटबुवा

ताई, पहिलं काम म्हणजे ते 'एरर्स इग्नोर' काढून टाका. नवशिक्यांना हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. त्याने चूक दुरुस्त होत नाही, न समजलेले बाइट गुपचूप फेकले जातात. तीच यादी तुम्ही परत फाइलमध्ये लिहिली तर ती अक्षरं कायमची गेली.

आता ८१ चं. विंडोजवर ओपन करताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथन विंडोजचं जुनं युरोपीय एन्कोडिंग धरतो, बहुतेक ठिकाणी १२५२. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइटांचं असतं. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट (सोळाच्या मोजणीत) ८१, हलन्ताचा ८डी, 'झ'चा ९डी. हे तिन्ही बाइट १२५२ मध्ये रिकामे आहेत, त्यांना अक्षरच दिलेलं नाही. म्हणून पहिला उकार किंवा पहिलं जोडाक्षर आलं की गाडी अडते. तुमच्या फाइलचा पहिलाच शब्द 'पुस्तक'. मोजा: सुरुवातीला एक्सेलने घातलेली तीन बाइटांची अदृश्य खूण (जागा ०, १, २), मग 'प' (३, ४, ५), मग उकार (६, ७, ८). जागा ८! एरर अगदी नेमकं बोट ठेवून सांगत होती. एरर वाचायची सवय लावा, त्यातले आकडे उगाच नसतात.

तुमची दुसरी अडचण त्याच अदृश्य खुणेची आहे. तिला बॉम म्हणतात. साधं यूटीएफ-८ दिलंत तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून राहते, म्हणून छापल्यावर 'पुस्तक' दिसतं पण जुळत नाही. एन्कोडिंगच्या जागी 'यूटीएफ-८-सिग' द्या, दोन्ही प्रश्न एकदम सुटतील. छापताना नुसतं प्रिंट न करता रेप्र फंक्शनमधून छापलंत तर असली लपलेली चिन्हं उघडी पडतात.

पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ निवड करायचं ठरलं आहे, पण तरीही एन्कोडिंग लिहायचं सोडू नका. तुमचा प्रोग्रॅम उद्या दुसऱ्याच्या जुन्या संगणकावर चालणार आहे.

आणि हो, मूळ एक्सेल फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ओपनला 'डब्ल्यू' दिलं की त्या क्षणी फाइल रिकामी होते, पुढची ओळ चालो न चालो. नवीन मजकूर कायम नवीन नावाने लिहा.

कोयनेचा_पूर

तीन आणि चार मी घेतो.

तीन: क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, मूल्याची जागा दाखवणारं प्रश्नचिन्ह एकच आहे ना? मग त्यासाठी द्यायचं मूल्य टपलमध्ये (कंसातल्या मूल्यांच्या यादीत) द्यावं लागतं, आणि एकाच मूल्याच्या टपलला शेवटी स्वल्पविराम लागतो. तो नसेल तर नुसता कंस म्हणजे टपल नव्हे. पायथन तुमच्या शब्दाचंच एकेक चिन्ह वेगळं मूल्य समजतो. 'दिवाळी अंक' म्हणजे द, इकार, व, काना, ळ, ईकार, मोकळी जागा, अ, अनुस्वार, क. झाली दहा.

हे दुरुस्त केलंत की बहुधा पुढची अडचण येईल: जागा शून्य आणि तुम्ही मूल्य दिलंत एक, अशी एरर. लाइक (नावाचा काही भाग जुळवणारा शोध) वापरताना टक्क्याची चिन्हं, म्हणजे 'इथे काहीही चालेल' ही खूण, क्वेरीतल्या प्रश्नचिन्हाभोवती अवतरणात लिहिली तर ते प्रश्नचिन्ह साधं अक्षर होऊन बसतं. टक्के मूल्याला जोडा, क्वेरीत प्रश्नचिन्ह एकटंच राहू द्या. याला कंटाळून एफ-स्ट्रिंगने, म्हणजे शब्द थेट मजकुरात घालून, क्वेरी जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका. नावात एक सुटं अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि उद्या हे इंटरनेटवर ठेवलंत तर कोणीही शोधाच्या चौकटीतून डेटाबेसशी खेळू शकतो.

चार: एसक्यूलाइटला कनेक्ट करताना फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, त्या नावाची नवी कोरी फाइल तयार करतं. आयडलमध्ये एफ-५ दाबलं की प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमधून चालतो. व्हीएस कोड मात्र तुम्ही जो फोल्डर उघडला असेल तिथून चालवतो. म्हणजे तुमच्याकडे आत्ता एकाच नावाचे दोन डेटाबेस असणार, एक भरलेला आणि एक रिकामा. शोधून बघा, शून्य आकाराची फाइल सापडेल. उपाय सोपा आहे: पायथनचं पाथलिब मोड्यूल वापरून प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलवरून फोल्डर काढा आणि डेटाबेसचा पूर्ण पत्ता त्यावरून बनवा. पत्ता हाताने लिहिणार असाल तर उलट्या तिरक्या रेघा टाळा. सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स'च्या आधीची उलटी रेघ आणि मोठा यू मिळून पायथनला युनिकोड क्रमांकाची (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकाची) सुरुवात वाटते, आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

भरून झाल्यावर कमिट करताय ना, म्हणजे बदल पक्के जतन? नसेल तर त्या खेपेला सगळं दिसतं आणि पुढच्या खेपेला टेबल रिकामं.

शेजारचा_ग्रंथपाल

मी प्रोग्रॅमर नाही, पण वाचनालयाच्या कामासाठी तयार प्रणाली आहेत, हे नमूद करतो. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे. कोहा मुक्तस्रोत आहे, न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी सुरू झालं आणि आज जगभर चालतं. देवघेव, सभासद, वर्गणी असं सगळं करायचं असेल तर स्वतः लिहीत बसू नका.

वाचनवेडी_कृष्णाकाठ

सर, देवघेव सध्या वहीतच चालणार आहे. मला फक्त शोध हवा आहे, आणि त्या निमित्ताने शिकायचं आहे. तुमचा सल्ला कार्यकारिणीपुढे नक्की ठेवते.

बुवा आणि कोयना, एक ते चार सुटलं! शून्य आकाराची फाइल खरंच होती, 'डॉक्युमेंट्स'मध्ये. बाइट मोजायचं तर मला भलतंच आवडलं. 'कऱ्हाड' मात्र तसंच आहे. ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) लावून बघितलं, उपयोग नाही.

मात्रा_वेलांटी

कऱ्हाडची वाट बघत होते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

सापडणारा एक 'कऱ्हाड' आणि न सापडणारा एक घ्या, दोघांची लांबी लेन फंक्शनने मोजा. एक ६ आणि दुसरा ७ भरेल असा माझा अंदाज आहे. मग दोन्ही अस्की फंक्शनमधून छापा, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक दिसेल.

ऱ्य, ऱ्ह मधला तो र मराठीत तीन प्रकारे टाइप होतो. पहिला: खास ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसरा: साधा र (०९३०), खाली नुक्ता म्हणजे टिंब (०९३सी) आणि हलन्त. तिसरा: साधा र, हलन्त आणि त्यानंतर जोडणारं अदृश्य चिन्ह (२००डी). पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. कळफलक कोणता, टाइप कोणी केलं, यावर यादीत कोणता येणार ते ठरतं. तुमच्या यादीवर वेगवेगळ्या माणसांनी काम केलं असेल तर तिन्ही असतील.

पायथनमधल्या युनिकोडडेटा मोड्यूलचं नॉर्मलाइज, एनएफसी पद्धतीने (सुटी चिन्हं जोडून एकसंध करणारी पद्धत), चालवलं की पहिला आणि दुसरा एक होतात. तिसरा होत नाही, तो हाताने बदलावा लागतो: र, हलन्त, २००डी असा तिघांचा गट दिसला की ऱ आणि हलन्त घाला. हे आधी करायचं, आणि मगच उरलेली २००डी व २००सी ही अदृश्य चिन्हं काढून टाकायची. क्रम उलटा झाला तर र आणि हलन्त नुसते उरतात, 'ह'वर रफार चढतो आणि कऱ्हाडचं 'कर्हाड' होतं. दऱ्या, सुऱ्या, शेतकऱ्यांचे विषय, सगळ्यांची तीच गत.

दुसरं ठिकाण ॲ. एकसंध ॲ (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे आणि नंतरचेही बरेच लोक अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं टाइप करतात, काही जण हिंदी कळफलकावरचा ऍ वापरतात. आरोग्य विभागातल्या 'ॲलर्जी'वरच्या पुस्तकांचा शोध यामुळेच अर्धा राहतो. इथे एनएफसी मदत करत नाही, युनिकोडच्या लेखी ही वेगळी अक्षरं आहेत. तुमची बदलांची यादी तुम्हालाच करावी लागेल. ऑ साठीही तसंच बघा.

ट्रिमबद्दल: एसक्यूलाइटचं ट्रिम फक्त साधी मोकळी जागा काढतं. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येते, ती तशीच राहते. पायथनचं स्ट्रिप तीही काढतं. २००डी मात्र दोघांनाही मोकळी जागा वाटत नाही.

दाखल क्रमांकही तपासा. कोणी १२ देवनागरीत लिहिलं असेल, कोणी इंग्रजी आकड्यांत. पायथनचं इंट दोन्ही ओळखतं, एसक्यूलाइटचं कास्ट देवनागरी १२ ला शून्य करून टाकतं. आकडे पायथनमध्येच बदलून मग आत टाका.

या सगळ्यासाठी एकच फंक्शन लिहा. डेटा भरताना तेच, आणि वाचकाने शोधाच्या चौकटीत टाकलेल्या शब्दालाही तेच. बहुतेकांचं इथेच राहून जातं. यादी धुवून पुसून स्वच्छ करतात आणि शोधणाऱ्याचा शब्द तसाच पाठवतात.

बाइटबुवा

मात्राताईंच्या म्हणण्यात एक भर. मूळ रकान्यावर ही सफाई फिरवू नका. पुस्तकाचं नाव जसं नोंदवलं आहे तसंच ठेवा आणि शेजारी 'शोधनाव' असा दुसरा रकाना करून त्यात साफ केलेलं रूप भरा. शोध त्यात घ्यायचा, दाखवायचं मूळ. नियम बदलले की तो रकाना पुसून पुन्हा भरता येतो. 'कऱ्हाड' आणि 'कराड' दोन्ही एकच धरायचे, हेसुद्धा तिथेच बसवता येईल.

साधन विचारलं होतंत: डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट. फुकट आहे, टेबल उघडून डोळ्यांनी बघता येतं. फक्त त्यात काही बदल करून ते न लिहिता तसंच उघडं ठेवलं तर तुमचा पायथन प्रोग्रॅम 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणेल. वाचायला पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातलं 'युनिकोड हाउटू' हे प्रकरण घ्या, शांतपणे, उदाहरणं स्वतः चालवत.

वाचनवेडी_कृष्णाकाठ

६ आणि ७ च निघाले!! तिसऱ्या प्रकारातले सगळे जुन्या नोंदी आहेत, नुक्तावालेही थोडे सापडले. शोधनावाचा रकाना केला, आता कऱ्हाडची सगळी पुस्तकं येतात. मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्या. काही जुन्या ओळी श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत, फाँट बदलला की नुसता रोमन कचरा दिसतो. आणि एका मित्राने लाइकऐवजी एफटीएस-५ (एसक्यूलाइटमधली शब्द शोधायची सोय) वापर म्हणून सांगितलं, वेगवान असतं म्हणे. घ्यावं का?

मात्रा_वेलांटी

श्रीलिपीतल्या ओळी म्हणजे फाँटच्या चित्रांचे क्रमांक, त्यात देवनागरी अक्षर मुळात साठवलेलंच नाही. वरच्या फंक्शनने त्या सुधारणार नाहीत. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि बदललेली प्रत्येक ओळ मूळ पुस्तकाशी ताडून बघा, जोडाक्षरांत आणि इकारांत हमखास गडबड होते. थोड्याच असतील तर पुन्हा टाइप करणं जास्त भरवशाचं.

एफटीएस-५ साडेचार हजार ओळींना गरजेचं नाही, लाइक पुरेसं वेगवान आहे. पुढे घेतलंत तर एक लक्षात ठेवा. त्याचा शब्द तोडणारा भाग, युनिकोड-६१, मूळ मांडणीत अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, हलन्त हे युनिकोडमध्ये 'मार्क' गटात मोडतात, त्यामुळे मराठी शब्द मात्रेमात्रेला तुटतो आणि भलतेच निकाल येतात. टेबल बनवताना 'कॅटेगरीज' या पर्यायात एमएन आणि एमसी हे दोन गट जोडा. टेबल बनल्यावर हा पर्याय बदलता येत नाही, नवं बनवून पुन्हा भरावं लागतं.

कोयनेचा_पूर

ताई, सफाईचं ते फंक्शन पूर्ण झालं की इथे टाका. आमच्या तालुक्यातल्या दोन वाचनालयांच्या याद्या माझ्याकडे पडून आहेत, त्यांवर चालवून बघतो आणि जे सुटेल ते कळवतो.