पंख सावरायचा की केबल सोडायची?

शाहूपुरीकर:
विंचच्या उड्डाणात, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून बिनइंजिनाचे ग्लायडर उडवताना, पंख धरणारा मदतनीस तरबेज असला की पंख टेकून होणारे अपघात थांबतील, असे परवा येथे पंचगंगाकाठ यांनी लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवले नाही. मदतनीस फार तर काही पावले धावतो. पुढचा सगळा भार वैमानिकावर असतो. जोरकस विंच ग्लायडरला ३-४ सेकंदांत उडण्याच्या वेगाला नेते, आणि त्याआधी एलेरॉनमध्ये, म्हणजे पंख समतोल ठेवणाऱ्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांमध्ये, पुरेसा जोर नसतो. टोक जमिनीला घासले की तो पंख मागे राहतो, दुसरा वेगाने पुढे जाऊन उचलला जातो, आणि केबलची ओढ चालूच असल्याने ग्लायडर टोकावर फिरून उलटे पडू शकते. म्हणून डावा हात सुरुवातीपासून केबल सोडण्याच्या पिवळ्या मुठीवर हवा, आणि पंख सावरत नाही असे दिसताच, टोक टेकण्यापूर्वी, केबल सोडली पाहिजे.

पंचगंगाकाठ:
माझा हात मुठीवरच होता. पहिल्या झटक्याला तो मागे गेला, केबल सुटली आणि सर्वांसमोर बोलणी खावी लागली. शिवाय मदतनिसाला इतके क्षुल्लक समजू नका. एकदा मी स्वतः टोक घट्ट धरून ठेवले होते. तो पंख मागे राहिला आणि नाक माझ्याकडे वळले. हात सैल ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

उजळाईवाडी:
गवताबद्दल कोणीच का बोलत नाही? मी शिकलो त्या धावपट्टीच्या कडेचे गवत पावसाळ्यानंतर गुडघ्याला लागत असे, आणि दिवाळीनंतर त्याची बोली लागायची म्हणून तोवर कोणी कापू देत नसे. आमच्या करवीर तालुक्यातला कोणताही शेतकरी सांगेल की ओल्या गवताचा पीळ विळ्यालाही अडवतो. मग पंखाचे टोक त्यातून कसे सुटेल?

शाहूपुरीकर:
गवत कापलेच पाहिजे, पण पंख डांबरावरही घासतो.

उजळाईवाडी:
डांबरावर तो घसरत तरी जातो, गवतात अडकून बसतो. चार पैशांच्या चाऱ्यासाठी शिकणाऱ्या मुलांचा जीव धोक्यात घालणे मला मान्य नाही, आणि त्यावर तुम्ही एका ओळीत उत्तर देता याचा मला राग आला आहे.

शाहूपुरीकर:
राग रास्त आहे. कापलेल्या पट्टीची रुंदी पंखांच्या पूर्ण पसाऱ्याहून जास्त असल्याशिवाय उड्डाण करू नये, हे मी मान्य करतो. तरीही ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम सुरू केली, तेव्हा वैमानिकाने वेळेत केबल सोडण्यावरच भर दिला होता.

पंचगंगाकाठ:
तेवढे मान्य. जमिनीवर चुकून सुटलेली केबल पुन्हा जोडता येते, हेही खरे. मात्र उद्यापासून मदतनिसाला हात सैल ठेवायला कोण शिकवणार, ते आधी सांगा.