नगरपरिषदेची शाळा की वाडीवरची? दोन्ही पाहिलेल्यांनी लिहा

तालुक्याच्या गावी बदली झाली आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. घराशेजारी नगरपरिषदेची शाळा आहे. चार किलोमीटरवर एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिचं सगळे भरभरून कौतुक करतात. इमारत, पट, शिक्षकसंख्या विचारून झाली. ज्यांनी दोन्हीकडे शिकलंय, शिकवलंय किंवा मुलं घातली आहेत, त्यांचे अनुभव हवेत. 'सरकारी शाळेत हल्ली कोण घालतं' हे कृपया नको, ते सासरी-माहेरी ऐकून झालंय.

वाडीवरचा शिक्षक
मी जिल्हा परिषदेत, बायको नगरपरिषदेत. त्यामुळे तुलना रोज रात्री जेवतानाच होते. माझ्याकडे पहिली ते चौथी मिळून २३ मुलं आणि आम्ही दोघं शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत शिक्षक दोनच, म्हणजे दोघं हजर असलो तरी एकेकाकडे दोन वर्ग. सहकारी मतदारयादीच्या कामाला गेला की चारही वर्ग माझे. मग पहिलीला चौथीच्या मुली वाचून दाखवतात. बघायला आलेल्यांना हे फार आवडतं, फोटो काढतात. मला विचाराल तर ती निभावणी आहे, अध्यापनपद्धती वगैरे काही नाही.

बायकोकडे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र बाई आहेत. पण निम्मी मुलं भाड्याच्या खोल्यांतली. खोली बदलली की मूल दाखला न नेताच गायब. माझ्याकडचं मूल दोन दिवस आलं नाही तर ते कुणाच्या रानात सापडेल हेही मला माहीत असतं.

आणि एक. शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ पासून चौथीऐवजी पाचवीला व्हायची, २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथीला आणली. मधल्या वर्षांत चौथीपर्यंतच्या शाळेत मुलं आम्ही घडवायचो, फोटो पुढच्या शाळेच्या फलकावर लागायचा. तेव्हा फलक बघून शाळा निवडू नका. (जळफळाट समजा हवं तर.)

चौथीपर्यंत वाडीवर, पाचवीपासून गावात
गैरहजेरीचं अगदी खरं. वाडीत गुरुजी घरी यायचे, राग यायचा. गावातल्या शाळेत पहिल्याच महिन्यात तापाने आठ दिवस घरी होतो. परत गेलो तर कुणी काही विचारलंच नाही. बेंचवर दुसराच मुलगा बसला होता. तो राग अजून गेलेला नाही.

पण ग्रंथालयाचं कपाट मी तिथेच पहिल्यांदा उघडं पाहिलं. वाडीत पुस्तकं होती, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

आईच्या वतीने लिहितेय
आई वाडीच्या शाळेत पोषण आहार शिजवते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. कोण किती खातं, कुणाला वरून थोडं लागतं, हे तिला वजनापेक्षा चेहऱ्यावरून कळतं. माझा भाचा गावात शिकतो. तिथे केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात. स्वच्छ असतात, वेळेवर येतात. पण उरलं तर उरलं, संपलं तर संपलं. आई म्हणते, "पोरगं जेवलं का नाही हे डब्याला कसं कळणार?"

गावातली पालक
मी वेगळ्याच वाटेने पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा द्यायची गरज नाही. अर्ज भरायला बसले तर यादीत समोर आमच्या गल्लीतलीच नगरपरिषदेची शाळा. चिडले. पुढे जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, पण तोवर मी शाळा पाहून आले होते. सहा वर्षं रोज तिच्यावरून जात होते, आत कधी डोकावले नव्हते. पहिलीत १७ मुलं. बाई खाली बसून एकेकाचं वाचन घेत होत्या. मुलगा तिथेच घातला.

तक्रारही सांगते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत. आहेतही, कागदावर. मी सदस्य आहे हे मला सहीपुरतं वही पुढे आली तेव्हा कळलं.

वाडीवरचा शिक्षक
@पालक, आमच्याकडे उलटं. समितीची बैठक पारावर रोजच भरते, आम्हाला न बोलावता.

धागाकर्ती
तुम्ही सगळ्यांनी गैरहजेरी आणि जेवण यांवर लिहिलंत, माझ्या यादीत दोन्ही नव्हतं. सोमवारी नगरपरिषदेच्या शाळेत जाऊन बसते. वाडीच्या रस्त्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. पावसाळ्यात काय होतं?

वाडीवरचा शिक्षक
तुमची वाडी कुठली माहीत नाही. आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं की मुलं शाळेत असतात आणि मी अलीकडच्या काठावर, गाडीवर बसून. मीही गावातच राहतो ना.